न छापलेल्या कॉलमांची यादी

माझ्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली एक मेमो आहे. त्याच्या तीन झेरॉक्सही आहेत. ऑफिसच्या फाईलमधून तो काढून टाकला असं मला सांगितलं गेलं. माझ्या प्रती मात्र मी फाडल्या नाहीत. कधीतरी रविवारी कपडे वाळत घालून झाले की पेटी उघडते, मेमो वाचते आणि परत घडी घालून ठेवते. झालं गेलं विसरावं असं लोक म्हणतात. मी विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

मेमोत लिहिलंय, ‘अल्पशिक्षणामुळे मोजणीत गंभीर निष्काळजीपणा. पुन्हा घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल.’ खाली आमच्या सरांची लांबलचक सही.

अल्पशिक्षण खरं आहे. मी आठवीपर्यंत शिकले. आमचं गाव पार तिकडं वैनगंगेच्या खोऱ्यात, भाताच्या मुलखात. नववीची शाळा नाल्यापलीकडं होती, त्यात आईचं दुखणं निघालं आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढं ओळखीच्या बाईनं संभाजीनगरला काम आहे म्हणून सांगितलं तेव्हा मी निघाले. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, “महिनाभरात वापस येशीन, पाय.” पाय म्हणजे आमच्याकडं बघ. ते वाक्य मी बरोबर घेऊन आले. इथं जे काही सोसलं, ते परत त्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून सोसलं.

काम होतं जालना रोडला, करमाडच्या अलीकडं, बियाणं तपासायच्या लॅबमध्ये. बसायला खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता आणि बायकांचा संडास निराळा होता. मला कामावर घेतलं ते लॅब सांभाळणाऱ्या सरांनीच. ते उपकार मी मानते, आणि ते मानूनच पुढचं लिहिते.

काम असं की ओल्या टॉवेलपेपरवर मक्याचे शंभर दाणे ओळीत मांडायचे, वर दुसरा ओला कागद ठेवायचा, गुंडाळी करायची, रबरबँडमध्ये चिठ्ठी खोचायची आणि जर्मिनेटरमध्ये उभी करून ठेवायची. जर्मिनेटर म्हणजे कपाटाएवढी कोमट, दमट पेटी. चौथ्या दिवशी उघडून मोजायचं, सातव्या दिवशी पुन्हा मोजायचं. किती उगवले, किती वाकडे, किती कुजले. एका लॉटच्या, म्हणजे बियाण्याच्या एका खेपेच्या, चार गुंडाळ्या. त्यातली एक सरांनी स्वतः परत मोजायची, याला फेरमोजणी म्हणतात. माणसाचा डोळा चुकतो, म्हणून तो नियम आहे.

माझ्या शेजारी करमाडच्या एक काकू बसायच्या. मी एकेक ओळ दोनदा मोजायचे तर म्हणायच्या, “अगं, हळू. दाणे कुठं पळून नाय चालले.”

कॉम्प्युटरवरची बाई बाळंतपणाला गेली तेव्हा सरांनी मला तिथं बसवलं. म्हणाले, “आकडेच तर टाकायचेत. त्याला काय शिक्षण लागतं?” मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

आकडे टाकायची शीट हेड ऑफिसनं सगळ्या पिकांसाठी एकच केली होती. कापसाची मोजणी बाराव्या दिवशी, भेंडीची एकविसाव्या, ज्वारीची दहाव्या, बाजरीची तिसऱ्या. प्रत्येकीचे कॉलम वेगळे, असे मिळून एकेचाळीस. आम्ही त्या हंगामात फक्त मका तपासत होतो. म्हणजे दहा-बारा कॉलम भरलेले आणि बाकी सगळे कोरे. पण प्रिंट काढली की कोऱ्यांसकट चार पानं आडवी निघायची. ती मी टेबलावर मांडून डिंकानं एकाला एक चिकटवायची. रोज. डिंक वाळेपर्यंत सर घड्याळ बघायचे. फेरमोजणीचा कॉलम चौथ्या पानावर होता. तो रोज कोरा असायचा. सर त्याच पानाच्या तळाशी सही करायचे, मी पट्टी घडी करून फाईलला लावायचे, आणि ती घडी पुन्हा कोणी उलगडायचं नाही.

मग मेमोचा प्रसंग झाला. मक्याच्या एका लॉटला माझ्या मोजणीनं त्र्याण्णव टक्के उगवण होती. हेड ऑफिसनं तोच लॉट तपासला तर ब्याऐंशी. सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

“शंभरपर्यंत आकडे येतात ना? का म्हणून दाखवायला लावू?”

पलीकडच्या टेबलावर दोघंतिघं हसले. काकू हसल्या नाहीत, त्या गुंडाळी बांधत राहिल्या.

मी म्हणाले, “सर, त्या लॉटची फेरमोजणी...”

“आठवी पास आता मला शिकवणार? कागद चिकटव. तेवढं बरं जमतं तुला.”

माझी मोजणी चुकली असेलही. वाकडा कोंब धरायचा की सोडायचा, यात माणूस फसतो. ते मी आजही कबूल करते. पण चूक पकडायला जो कॉलम होता तो ज्यांनी कोरा ठेवला, त्यांनीच मला मेमो दिला. संध्याकाळी बसमध्ये मांडीवर मेमो ठेवून मी तो इतक्यांदा वाचला की चिकलठाणा येईपर्यंत पाठ झाला.

मुकुंदवाडीत माझ्या खोलीखाली एका बाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, सगळे त्यांना आपा म्हणतात. मी मेमो पुढं केला, तीन प्रती मागितल्या.

“तीन कायकू बेटा?”

“एक हरवली तर.”

“और तीसरी?”

“दुसरी हरवली तर.”

आपांनी चष्मा खाली ओढला आणि मेमो वाचला. ‘अल्पशिक्षण’वर त्यांचं बोट थांबलं. “मैं बी नौवीं फेल है. पूरे मुहल्ले के स्कूलां के रिझल्ट मेरेच हात से निकलते. बैठ, चाय पी.”

चहा पिता पिता मी चार पानांचं आणि डिंकाचं गाऱ्हाणं सांगितलं. आपा म्हणाल्या, शाळांच्या निकालातही हेच असतं. कोणी उर्दू घेतं, कोणी संस्कृत, कोणी चित्रकला. वर्गात कोणीच न घेतलेल्या विषयाचा कॉलम कागदावर हवाच कशाला? त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावरचे कोरे कॉलम पटापट मिटले, एका पानावर निकाल छापून आला, आणि मग सगळे कॉलम होते तिथं परत उघडले.

“डिलीट नाही करना. सिर्फ छुपाना. मॅक्रो बोलते इसको.”

मग पाच-सहा रविवार दुपारचे मी त्या दुकानात काढले. पहिला मॅक्रो रेकॉर्ड करून केला. म्हणजे मी हातानं कॉलम लपवले आणि कॉम्प्युटरनं ते लक्षात ठेवलं. तो इतका आज्ञाधारक निघाला की मी खोटा कापसाचा आकडा टाकून पाहिला तरी त्यानं कापसाचा कॉलम लपवलाच. आपा हसून म्हणाल्या, “तेरे जैसाच है. जो बोले वो करता, सोचता नहीं.” दुसऱ्यात त्याला विचार करायला शिकवलं: प्रत्येक कॉलमपाशी जा, काही लिहिलंय का बघ, नसेल तर लपव. त्यानं एकही कॉलम लपवला नाही, कारण वरचं हेडिंगही त्याला लिहिलेलंच वाटत होतं. हेडिंग सोडून खालचं बघायला सांगितलं, तरी लॅबची खरी शीट आणून लावली तर सात-आठ कॉलम कोरे असून हटेनात. त्यात दोन रविवार गेले. मग माझ्याच डोक्यात आलं. आमच्या लॅबमध्ये चुकीचा आकडा पुसायचा तर सगळे स्पेसबार दाबतात, जणू फडकं मारलं. दिसायला शीटचं घर कोरं, पण आत एक जागा, म्हणजे स्पेस, बसलेली. ती नुसती जागा कोरीच धर, असं मॅक्रोला सांगितलं आणि एका पानावर मका आला.

आपांनी ते पान हातात घेऊन बघितलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, “नक्को नक्को. जाके उसके मूं पे मार.”

पण मी घाबरट आहे. खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघते, गॅस बंद आहे का ते जिन्यावरून परत जाऊन बघते. मला रात्रंदिवस वाटायला लागलं की उद्या कोणीतरी म्हणेल, कॉलम हिनं गायब केले. दुसरा मेमो आला की वहिनीचं दार. म्हणून मी मॅक्रोत आणखी एक ओळ घातली. कागदाच्या तळाशी, सहीच्या जागेच्या बरोबर वर, आपोआप छापून यायचं: ‘रिकामे असल्यामुळे न छापलेले कॉलम’, आणि पुढं त्यांची नावं. ही ओळ मी भीतीपोटी घातली. तोवर माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

लॅबमध्ये सरांनी पहिला एका पानाचा रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. “बाकीची पानं?”

“कोरे कॉलम वगळलेत, सर. शीटमध्ये आहेत सगळे.”

“कोणी करून दिलं?”

“मीच शिकले.”

“हं,” म्हणाले आणि सही केली. शाबासकी नको होती मला. मेमो मागं घ्यावा, एवढंच वाटत होतं. चार दिवसांनी मी जर्मिनेटरमधून गुंडाळ्या काढत होते आणि सर हेड ऑफिसशी फोनवर बोलत होते. “हो, एका पानात बसवलं. नाही हो, ऑपरेटर कुठली, इथं आठवी-नववीच्या बायका. मीच जरा बसून मॅक्रो लिहिला.” जर्मिनेटरचं दार माझ्या हातात होतं. आतली दमट हवा तोंडावर येत होती. मी दार हळूच लावलं.

त्या रविवारी मी ती ओळ बदलली. आता तिथं दोन ओळी छापून यायला लागल्या. पहिली, ‘या पिकाला लागू नसलेले कॉलम’, आणि त्यात कापूस, भेंडी वगैरे सगळी लांबण. दुसरी, ‘लागू असून रिकामे सोडलेले’, आणि त्यापुढं एकच शब्द, ‘फेरमोजणी’. मग अक्षराचा आकार नऊवरून सातवर आणला. आपा पडद्याकडं बघत होत्या. त्यांनी माझ्यापुढं बिस्किटाचा पुडा सरकवला.

सर रोज सही करत गेले. रोज त्या दोन ओळींच्या खाली, बॉलपेननं, ऐटीत. मी समोर उभी राहायचे. ‘लागू असून रिकामे सोडलेले: फेरमोजणी’, त्याखाली सरांची सही. एकदा तरी वाचतील असं मला वाटायचं. मग वाटायचं, वाचू नयेत. त्यांनी फेरमोजणी सुरू केली असती तर ती ओळ आपोआप नाहीशी झाली असती. एका गुंडाळीला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं त्यांनी कधीच दिली नाहीत. मी मोजत होते. अशी एकाहत्तर पानं झाली.

मग निरोप आला की हेड ऑफिसच्या एक मॅडम चार दिवसांनी तपासणीला येताहेत, आणि या तिमाहीचे फेरमोजणीचे आकडे खास बघणार आहेत. सर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसले. मला उभं राहायला सांगितलं आणि माझ्या मोजणीचा अख्खा कॉलम उचलून फेरमोजणीत चिकटवला. वरपासून खालपर्यंत. त्र्याण्णवला त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशीला अठ्ठ्याऐंशी.

“आता सगळे दिवस परत छाप.”

मी छापले. फेरमोजणी भरलेली असल्यामुळं ती छापून आली आणि खालची दुसरी ओळ गेली. सरांनी एका बैठकीत एकाहत्तर सह्या केल्या, मधूनमधून पेन बदलत. मग जुना गठ्ठा माझ्याकडं ढकलला.

“हे पाठकोऱ्यात टाक.”

आमच्याकडं एका बाजूनं छापलेला कुठलाही कागद वाया घालवत नाहीत. तो पाठकोऱ्याच्या ट्रेमध्ये जातो, कात्रीनं त्याच्या चिठ्ठ्या होतात, आणि कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लॉट नंबर लिहून त्याच चिठ्ठ्या गुंडाळ्यांना खोचतात. लॅबमध्ये सगळ्यांना हे माहीत. सरांनाही.

मी विचारलं, “पाठकोऱ्यातच ना, सर? नक्की?”

“एकदा सांगितलेलं कळत नाही? आठवीत हेच शिकवलं का?”

“कळलं, सर.”

मी कात्री घेऊन बसले. एरवी आम्ही एका पानाच्या आठ चिठ्ठ्या करतो, वाटेल तशा. त्या दिवशी मी प्रत्येक पानाच्या खालचा उजवा तुकडा नीट कापला, दोन्ही ओळी आणि सही अख्खी येईल असा. काकू बघत होत्या.

“आज लई नेटक्या कापायली गं.”

“तपासणी आहे ना, काकू.”

त्यांनी एक चिठ्ठी उलटवून पाहिली. त्यांना वाचायला वेळ लागतो, पण वाचली. मग स्वतःची कात्री काढली. “दे इकडं अर्ध्या. तुझ्याच्यानं उरकायच्या नाय.”

त्या दिवसाच्या सगळ्या नव्या गुंडाळ्यांना त्याच चिठ्ठ्या लागल्या. मी दोनदा तोंडावर पाणी मारून आले. हे उलटलं तर मीच जाणार होते. मेमो एक झालाच होता.

मॅडम आल्या त्या साध्या चपलेत, हातात स्वतःची पेन्सिल. आधी फाईल चाळली. मग म्हणाल्या, “मी एक गुंडाळी स्वतः मोजते.” मोजली. परत मोजली. “पहिल्यांदा एक्याण्णव, आता नव्वद. माझीच मोजणी माझ्याशी जुळत नाही. तुमचे दोन माणसांचे आकडे एकाहत्तर दिवस तंतोतंत कसे जुळले?”

सर म्हणाले, “आमच्याकडं काटेकोर काम असतं, मॅडम.”

मॅडमनी गुंडाळी परत बांधायला घेतली आणि लॉट नंबर बघायला चिठ्ठी काढली. ती ओलसर होऊन वळली होती, त्यांनी बोटानं सरळ केली आणि मागची बाजू दिसली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग दुसऱ्या गुंडाळीची काढली. तिसरीची काढली. आठ-दहा चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या, आम्ही दाणे मांडतो तशा.

“‘लागू असून रिकामे सोडलेले: फेरमोजणी’. सही तुमचीच ना?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी जपून ठेवलीय. “मॅडम, या ओळी या मुलीनं घातल्यात. हिला काही कळत नाही, आठवी पास आहे. हिनंच मॅक्रोमध्ये...”

“मॅक्रो तर तुम्ही लिहिला होता ना? मला फोनवर तसं सांगितलंत.”

सरांनी पुढ्यातली फाईल मिटली. मॅडम माझ्याकडं वळल्या.

“या चिठ्ठ्या मुद्दाम लावल्यात?”

“सरांनी पाठकोऱ्यात टाकायला सांगितल्या होत्या, मॅडम. पाठकोऱ्याच्या चिठ्ठ्याच होतात.”

“व्हय मॅडम,” काकू मागून म्हणाल्या, “आमच्यात तीच पद्धत हाय.”

“आणि मॅक्रो?”

“मी केलाय. बसून दाखवते.” बसले आणि दाखवला. हेडिंग का सोडायचं, स्पेसबारची जागा कोरी का धरायची, सगळं. शेवटी मॅडमनी विचारलं, “अक्षर इतकं बारीक का?” मी म्हणाले, “जागा कमी होती.” एवढं एकच त्या दिवशी मी खोटं बोलले.

सरांना गेटजवळच्या गोडाऊनला पाठवलं. पोत्यांची ये-जा लिहायची आणि रोज शीट छापून घ्यायची. प्रिंटर लॅबमध्येच आहे, त्यामुळं ते छापायला माझ्याकडं येतात. माझा मेमो रद्द झाला तेव्हा मी आपांना पेढे नेले. त्या म्हणाल्या, “अब तो फाड दे वो कागज.”

“नाही फाडणार, आपा.”

त्यांनी पेढा तोंडात टाकला. “मैं बी ना फाड़ती.”

परवा सर आले. हल्ली मला अहो-जाहो करतात. शीट दिली आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. ओलावा तपासायचा कॉलम कोरा होता. मी मॅक्रो चालवला, कागद निघाला, खाली ओळ आली: ‘लागू असून रिकामे सोडलेले: ओलावा’. त्यांनी ती वाचली. आता वाचतात.

“ही ओळ काढता येणार नाही का हो?”

“येते ना, सर. कॉलम भरला की आपोआप जाते.”

ते सही न करता कागद घेऊन परत गोडाऊनकडं गेले, भर उन्हात. मी त्यांची पाठ गेटपर्यंत बघितली. ती ओळ मी आता सातची ठेवत नाही. चौदाची ठेवते.